बाची बत्ती आभाळात चढली तेव्हा

संध्याकाळी आभाळात काही चालताना दिसलं की पोरं मला विचारतात, "बाई, ते काय आहे?" मी पालमच्या शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून मला सगळं ठाऊक असणार असा त्यांचा समज. मीही सांगते. लुकलुकतंय, तांबडं-हिरवं दिसतंय, मागून घरघर येतेय, तर विमान. सर्रकन रेघ ओढून गेलं, तर तुटता तारा. मावळतीला मोठं ठळक दिसतंय अन् टक लावून बघितलं की हलल्यासारखं वाटतंय, तर तो शुक्र. घराच्या कोपऱ्याशी धरून बघा, काही हलत नाही. अन् आवाज नाही, लुकलुक नाही, एका चालीनं वर येतंय आणि भर आभाळात मधेच विझतंय, तर तो उपग्रह. खाली अंधार पडला तरी तिथं वर ऊन असतं. पृथ्वीच्या सावलीत शिरला की दिसेनासा होतो. झालं. त्यात भ्यायचं काय?

हे सांगताना माझा आवाज उगीच चढतो. पोरं बिचारी बघत राहतात. ज्या बाईला हे पटायला हवं होतं तिला मी ते जन्मात पटवू शकले नाही, त्याचा राग मी त्यांच्यावर काढते.

ती बाई म्हणजे माझी माय.

बा रेल्वेत गँगमन होता. चुडावा स्टेशनच्या अलीकडं आमचं गाव, गावाच्या मावळतीला आमची बौद्धांची वस्ती, वस्तीपुढं ज्वारीची रानं आणि रानांच्या पलीकडं रेल्वेचा भराव. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात मराठवाड्यात आमच्या लोकांच्या वस्त्या जळाल्या. आमच्या वस्तीला कुणी हात लावला नाही. पण रोज कुठली ना कुठली खबर यायची, आणि न लागलेल्या आगीची भीती लय वाईट. ती विझवता येत नाही. अंधार पडायच्या आत भाकरी खाऊन चिमणी फुंकायची, असा वस्तीनं नेमच करून टाकला होता. उजेड दिसला नाही म्हणजे घरही दिसत नाही, असं मोठी माणसं म्हणायची. दिवाळी झाली, थंडी पडली, तरी आमची दारं काळोखातच.

त्या हिवाळ्यात बाला सांजेची गस्त लागली. हातबत्ती घेऊन रुळांवरून चालत जायचं, कुठं काही निखळलंय का बघायचं, पुढच्या गँगच्या माणसाला गाठून परत यायचं. माय उंबऱ्यावर बसून ती बत्ती बघायची. मी तिला चिकटून. अंधारात भराव दिसायचा नाही, नुसती बत्ती दिसायची, त्यामुळं बा जमिनीवर चाललाय की आभाळात, तेच कळायचं नाही. गावाकडून आलेली सडक जिथं लाईनीखालून जाते त्या मोरीवर आला की तो बत्तीची काच फिरवून वस्तीकडं हिरवा दाखवायचा. हिरवा म्हणजे ठीक हाय. मग माय उठायची, आत जाऊन घोटभर पाणी प्यायची.

त्या दिवशी बत्ती नेहमीसारखीच निघाली. मोरीपाशी आली.

"आता दाखवंल," माय म्हणाली.

नाही दाखवला. बत्तीच दिसेनाशी झाली. आम्ही थांबलो. थोड्या वेळानं भरावाच्या जरा वर ती पुन्हा दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. "ती बघ की गं माय!" मी म्हणाले.

माय बत्तीवरून नजर काढेना. मग मलाही दिसलं. बत्ती लाईनीच्या अंगानं जात नव्हती.

"वर यायलीय गं ती," माय म्हणाली.

ती वर येत होती. घाई नाही, आवाज नाही, बा चालायचा त्याच चालीनं. ज्वारीच्या वर आली, वस्तीपुढच्या कडुलिंबाच्या शेंड्याच्या वर गेली. मायची मान तिच्याबरोबर वर वर होत गेली, डोईचा पदर पाठीवर पडला, तो तिनं सावरला नाही. आमच्या घरावरून ती उगवतीला गेली. तिथं भर आभाळात, जिथं ढग नाही, डोंगर नाही, तिथं तांबूस झाली, बारीक झाली आणि विझली.

"तुझा बा गेला," माय म्हणाली.

मी तिच्या तोंडाकडं बघायच्या आत तिनं दोन्ही हात उंबऱ्याच्या दगडावर आपटले. बांगड्यांच्या काचा माझ्या पायावर उडाल्या. "माय, काय करायलीस!" म्हणून मी किंचाळले, तर तिनं माझं तोंड दाबलं, मला आत ओढलं आणि दाराला अडसर लावला. रडली नाही. ती रडली असती तर मला एवढी भीती वाटली नसती.

धर्म बदलला तेव्हा आमच्या माणसांनी देव पूर्णा नदीत सोडून दिले होते, पण भुतं सोडायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. एरवी माय भुताखेताचं नाव काढू द्यायची नाही. तरी तिच्या आईनं सांगितलेली एक गोष्ट तिच्या हाडात होती: अंधारात दाराशी हाक आली तर तीन हाका झाल्याशिवाय ओ द्यायची नाही. मेलेल्या माणसाला दोनदाच हाक मारता येते.

आम्ही भिंतीला टेकून बसलो होतो. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग दाराच्या पत्र्यावर कुणीतरी नख ओढलं.

"अगं ये," दबक्या आवाजात हाक आली. आवाज बाचाच.

मायनं माझं मनगट धरलं. तिच्या हाताचं रक्त मला चिकट लागलं.

"अगं ये, दार उघड."

आणि मग काही नाही. मी तिसऱ्या हाकेची वाट बघत होते. मार की, मार की हाक, असं मनातल्या मनात घोकत होते. दारापलीकडं कुणीतरी होतं, श्वास ऐकू येत होता, पण हाक येईना.

"दोनदाच," माय माझ्या कानात म्हणाली. "त्यो तुझा बा न्हाई. म्या त्याला जाताना बघितलंय."

तेवढ्यात बाहेर खोकल्याची उबळ आली आणि कुणीतरी ती तोंडात रुमाल कोंबल्यागत दाबून टाकली. बिडीचा तो खोकला मी जन्मल्यापासून ऐकत होते. पण मला खोकल्यानं नाही, दाबण्यानं उठवलं. भुताला खोकला दाबायची काय गरज? ते कुणाला भिणार? मी मायच्या हाताला हिसडा देऊन सुटले आणि अडसर काढला.

काळोखातून एक अंग आत आलं आणि दार लावून त्याला पाठ टेकून बसलं. चिखलाचा, रॉकेलचा वास आला. कुजबुजत बोलला तो. मोरीवर हिरवा दाखवणार तर खाली सडकेवर टेंभे दिसले, बरीच माणसं, वस्तीकडं तोंड करून चाललेली. बत्ती फुंकली, मोरीशेजारच्या चरातल्या पाण्यात पालथा पडून राहिला, मग ज्वारीतून सरपटत आला. दारापाशी आला तर टेंभे लिंबाच्या पलीकडंच होते, म्हणून तिसऱ्यांदा हाक मारायची छाती झाली नाही.

मी फटीला डोळा लावला. खरंच टेंभे होते. वस्तीच्या पुढून गेले, थांबले नाहीत, पुढच्या वळणाला दिसेनासे झाले. ती माणसं कोण होती, कुठं गेली, कधीच कळलं नाही. त्या रात्री कुठं काही जळालं नाही. एखाद्या वरातीहून परतलेले पाहुणेही असतील. असतील बाई.

चिमणी लावायची सोय नव्हती. मी चाचपडत त्याचा हात धरला, तर हात बर्फ.

"शिवू नको त्याला," माय पलीकडून म्हणाली.

उजाडेपर्यंत बा दाराशी, ती भिंतीशी आणि मी मधे. आपण कुणाला आत घेतलं हे मलाही खात्रीनं सांगता आलं नसतं. झुंजुमुंजू झालं तेव्हा मला बाचं तोंड दिसलं आणि बाला मायचे हात दिसले. त्यानं ते हात आपल्या दोन्ही हातांत घेतले. रडला तो, माय नाही.

बाजाराच्या दिवशी तो पूर्ण्याहून बांगड्या घेऊन आला. मायनं त्या फडताळात ठेवून दिल्या. "भर की," बा म्हणाला. "भरल्या की पुन्ना फोडाव्या लागत्यात," ती म्हणाली. "म्या एकदा फोडल्या. दुसऱ्यांदा न्हाई व्हायचं."

पुढं कॉलेजात मला उपग्रहाचं कळलं. धावत घरी येऊन मी तिला दिव्याचा सूर्य अन् तांब्याची पृथ्वी मांडून समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "आसंल," म्हणाली. "पर तुझ्या बानं बत्ती फुंकली अन् ती तव्हाच वर कामून निघाली?" मी चिडले, योगायोग म्हणाले, अडाणी म्हणाले. तिला काही फरक पडला नाही. तिनं बाचा संसार नीट केला, त्याच्याशी भांडली, हसली. फक्त मनगटं रिकामी.

विद्यापीठाला नाव मिळालं त्या वर्षीच्या थंडीत बा गेला, त्याच खोकल्यानं. भावकीतल्या बाया दगड घेऊन मायजवळ बसल्या. तिनं हात पुढं केले.

"आता काय फोडता गं," ती म्हणाली. "ह्याच्यापायी मागंच फोडल्यात म्या. तव्हापासून त्यो मला उसना मिळालेला."

सांज झाली तशी ती उठून उंबऱ्यावर जाऊन बसली. मी शेजारी बसले. वस्तीत घरोघर विजेचे दिवे लागलेले, तरी भरावाकडं काळोख होता. थोड्या वेळानं भरावाच्या वर एक उजेड दिसला. लुकलुक नाही, आवाज नाही, एका चालीनं वर निघाला. तो काय होता ते मला माहीत होतं. मायनं मान वर केली, डोईचा पदर पाठीवर पडला.

"माझी नजर आता पुरत न्हाई," ती म्हणाली. "तू बघ गं. हिरवा दाखवतो का?"

तो विझेपर्यंत मी बघत राहिले.