बनियनची पट्टी
नारळाच्या ओल्या सोडणांचा वास आला की मला ऐंशीच्या दशकातलं मुलुंडचं ते फुलांचं प्रदर्शन आठवतं. माझं जांभळं ऑर्किड तिथे मांडलं होतं. मोडक्या छत्रीच्या काडीने मुळांभोवती कोळसा आणि सोडणं मीच ठासली होती, पण देठ न काचता रोप काठीला बांधायची युक्ती बायकोची, माझ्या जुन्या बनियनच्या पट्ट्यांची. परीक्षक बाईंनी पट्टी चाचपून मोठ्याने विचारलं, “किती मऊ आहे. कुठून आणलीत?” बंगलेवाल्यांच्या त्या घोळक्यात बनियनचं नाव माझ्या तोंडून निघेना. भल्याभल्या व्यापाऱ्यांना भाव पाडायला लावणारा मी चाचरत म्हणालो, “फॉरेनची आहे.” “मग मलाही मागवून द्या ना.” मागून बायको शांतपणे म्हणाली, “देतील की. यांचा अजून एक बनियन फाटायला आलाय.” सगळा हॉल हसला. मी कुंडी उचलली आणि निकालाआधीच तरातरा निघालो. दारातून वळून पाहिलं, तर बायका तिच्याभोवती जमल्या होत्या आणि ती पदराच्या टोकाने गाठ कशी मारायची ते दाखवत होती. परीक्षक बाईंनी मुद्दाम मोठ्याने विचारलं, याचा माझा राग अजून गेलेला नाही. पण “आमच्या हिची युक्ती आहे” एवढं म्हणायला मला काय झालं होतं, हे आठवलं की मान खाली जाते.