गुरुवारची जीप

आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर शेंगा फोडत बसलो की कुणीतरी एकीनं ‘तो गुरुवार आठवतोय का गं?’ म्हणायचा अवकाश, शेंगा राहतात बाजूला. किस्से तरी किती! एक सांगावा तर त्याच्यामागं दुसरा दारात उभाच.

मी अंगणवाडीत मदतनीस. शिक्षण सातवी. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दर गुरुवारी हायस्कूलच्या मुलामुलींसाठी वेगळी खोली उघडायची. पाळी, अंगावरून जाणं, वयात येतानाचे हजार प्रश्न, सगळं तिथं मोकळं विचारायचं. आमच्या डोंगरातल्या गावातून पोरींना तिथवर न्यायचं उपकेंद्राच्या सिस्टरांनी मनावर घेतलं, आणि सोबतीला मला घेतलं. सिस्टर बेलापूरकडच्या, आवाज खणखणीत. मी मात्र काळजीखोर! जीप घाटात वळली की माझा जीव घरी माझ्या लेकीपाशी, तनूपाशी, आणि घरी असले की त्या पोरींपाशी.

आता सिस्टरांची बदली झाली, पोरी स्कूटीवर जातात. पण ती जीप काही डोळ्यांसमोरून हलत नाही.

*

कोण कुठं चाललंय हे कळल्याशिवाय जीपवाल्या पांडूभाऊचा गिअर पडायचा नाही. पहिल्याच गुरुवारी त्यानं मोठ्यानं विचारलं, “काय गं पोरींनो, दवाखान्यात? काय झालं?”

सगळी जीप मागं वळली. पोरींच्या माना खाली. मी घाबरून बोलून गेले, “डोळे तपासायला!”

पुढच्या गुरुवारी बघते तर गावातले सगळे म्हातारे काठ्या घेऊन जीपमध्ये बसलेले. “सूनबाई, आमचंबी डोळं दाव की!” पोरींना बसायला जागाच नाही. आल्या पावली घरी गेल्या.

सिस्टर म्हणाल्या, “तू आता तोंड उघडू नकोस. अख्ख्या गावाला चष्मा लावशील!”

*

मग सिस्टर हायस्कूलमध्येच बोलायला गेल्या. पीटीचे सर म्हणाले, “मी वर्गात थांबतो, शिस्त राहील.” थांबले खरे, पण तासभर भिंतीकडं तोंड करून! कान लालबुंद.

तास संपला. पोरी पांगल्यावर सर हळूच जवळ आले.

“मॅडम, ते शेवटचं जरा परत सांगता का?”

“का हो सर?”

“माझीपण पोरगी आठवीत हाय. तिची आई न्हाई ना.”

सिस्टरांनी परत सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी सर तोंड इकडं करून बसले होते.

*

मुलांची वेगळीच तऱ्हा. त्यांच्यासाठी आरोग्यसेवक भाऊ उपकेंद्रातच बसायचे. भिंतीवरच्या ताकदीच्या औषधांच्या जाहिराती वाचून पोरं भेदरलेली असायची. पण सरळ येतील तर शपथ! एकजण लंगडत यायचा आणि बाकीचे त्याला धरून आत शिरायचे. दार बंद. भाऊ सांगायचे, “अरे, काही झालेलं नाही, वयच आहे तुमचं.” तेवढ्यावर जीव भांड्यात.

एकदा आत जाताना गण्या लंगडत होता. बाहेर आले ते इतके खुशीत, की गण्या ताड ताड चालतोय आणि त्याला धरून आणणारा लंगडतोय!

भाऊ दारातून ओरडले, “अरे, पाय बदलला तर बदलला, पोरगंबी बदललं?”

*

तनू तेव्हा दुसरीत. तिला बाईंनी विचारलं, तुझी आई काय काम करते? ही म्हणाली, “गुरुवारी पोरींना मोठं करायला नेते!”

बाई हसत हसत मला सांगत होत्या. मला मात्र माझी सातवी आठवली. पहिल्यांदा पाळी आली तेव्हा वाटलं, मी आता मरणार. गोठ्यात गव्हाणीमागं लपून बसले होते. कुणी काही सांगितलं नाही. शाळा तेवढी सुटली.

*

आमच्या सासूबाईंना हे काम बिलकूल पसंत नव्हतं. “असल्या गोष्टी जीपीत बसून करायच्या असत्यात व्हय?”

शेजारची मोनाली नववीत. तिची पाळी थांबायचंच नाव घ्यायची नाही. तोंड पांढरंफटक, शाळेत खाडे. बाप म्हणाला, “शाळा बंद. पावनं बघतो.” एक दिवस पोरगी हंड्यासकट आमच्या दारात कोसळली. पाणी पाजलं सासूबाईंनीच.

सिस्टर म्हणाल्या, दर गुरुवारी डॉक्टरांना दाखवायला लागेल, औषधानं बरी होईल. तिची आई तयार होती. बाप ऐकेना. “गावानं पायलं तर सोयरीक कशी जमायची?”

गुरुवार आला. बघते तर सासूबाई जीपमध्ये पुढच्या सीटवर, लुगड्याचा पदर तोंडात, पोट धरून!

“पांडू, लई कळा येत्यात रं! मोनालीला धरायला घेतलीया संगं.”

म्हाताऱ्या माणसाला बाप कसा नाही म्हणणार? मग दर गुरुवारी सासूबाईंच्या पोटात कळ! पोरीच्या गालावर रंग यायला लागला, शाळा सुरू झाली. इकडं गावभर झालं, म्हातारीला मोठा आजार हाय.

ती बातमी सासूबाईंच्या माहेरी, राहात्याला पोचली. सासूबाईंचे धाकटे भाऊ, आमचे मामा, पेरूची टोपली घेऊन शेवटची भेट घ्यायला आले! ओटा माणसांनी भरला. सासूबाई अंथरुणावरून उठून सगळं सांगणारच होत्या, तेवढ्यात मोनालीचा बाप येऊन उशाशी बसला. सासूबाई परत आडव्या. कण्हायला सुरुवात!

मामा रडायला लागले. “अक्का, काय इच्छा राहिलीय का गं?”

सासूबाईंनी एक डोळा उघडून मोनालीच्या बापाकडं बघितलं.

“पोरीची धाव्वी हुईस्तवर... गुरुवारची जीप चुकवू नगा. आन् धरायला मोनालीच पायजे.”

बापानं डोळे पुसले. “काकू, मी सोता तिला जीपपत्तूर आणून सोडीन.”

सासूबाईंनी डोळा मिटला, आणि टोपलीतला एक पेरू हळूच गोधडीखाली ओढून घेतला.