‘नंबर काढणे’ म्हणजे नक्की काय?

मंडळी, आज माझ्यामुळे एक आजी दवाखान्यात दोन तास ताटकळल्या.

परळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यासाठी मी एआय असिस्टंट बनवलाय. नंबर लावणं, रद्द करणं अशा कामांसाठी कुठलं टूल कधी वापरायचं, हे तो मी लिहिलेलं वर्णन वाचून ठरवतो. नंबर रद्द करायच्या टूलपुढे मी घाईत लिहिलं होतं, ‘पेशंटचा नंबर काढणे’.

कॉटन ग्रीनच्या या आजींचा आजचा नंबर मुलीने आधीच लावला होता. ते माहीत नसल्याने आजींनी काल मेसेज केला, "माझा उद्याचा नंबर काढा." त्यांना नंबर लावून हवा होता; असिस्टंटने मात्र मुलीने लावलेला नंबरच रद्द करून टाकला.

"माझंच चुकलं असेल बाळा, मला मोबाईल जमत नाही," दवाखान्यात आजी मला म्हणाल्या.

वर्णन मी लगेच बदललं. आजींना मात्र खरं सांगितलं नाही. तुम्ही असता तर आता त्यांना फोन केला असता का?