रविवारचं पाणी

हे माझ्या आईच्या तहानेबद्दल आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, मी धर्मावर वाद घालायला बसले आहे. वाद मी पुष्कळ घातला, आणि त्या नादात जे बघायचं ते बघितलंच नाही.

आमचे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, दीपनगरच्या वीजकेंद्रात शिफ्टमध्ये होते. बॉयलर काही रविवार ओळखत नाही. त्यामुळे आमच्या लहानपणी नाना चर्चमध्ये उपासनेला महिन्यातून एखाद्या वेळी दिसायचे. बाकीच्या रविवारी आई आम्हाला घेऊन जायची, पाळकसाहेब दारातच विचारायचे, "भाऊ नाही आले?" आणि आई खाली मान घालायची. नानांच्या मनात ते कुठेतरी रुतून बसलं असणार. नोकरी संपली त्या दिवशी जेवणाआधीच्या प्रार्थनेत ते मोठ्यानं म्हणाले, "प्रभू, मी तुझे रविवार खाल्ले. आता एकही खाणार नाही." आम्हाला वाटलं, निवृत्तीचं खूळ आहे, चार महिन्यांत उतरेल.

कसलं उतरतंय! निवृत्तीनंतर ते दोघं जळगावच्या पुढे तासाभरावर एका गावात घर बांधून राहायला गेले आणि त्या घरात रविवार नानांच्या नियमानं चालू लागला. रविवारी गॅस पेटवायचा नाही. झाडू मारायचा नाही. दाढी शनिवारी. भाजी, बट्ट्या, वरण, सगळं शनिवारी करून ठेवायचं. चहासुद्धा शनिवारी संध्याकाळी थर्मासात भरलेला, आणि तो रविवारी दुपारी प्यायचा. त्या चहाची चव शत्रूलासुद्धा नको! नाना म्हणायचे, "देवानं विसावा दिलाय, तो घ्यायला शिका." विसावा नाना घ्यायचे आणि त्यासाठी आई शनिवारी दुप्पट राबायची. हे मी एकदा तोंडावर बोलले तर आईनंच मला गप्प केलं.

मी धुळ्याला शाळेत शिकवते. जिभेची तिखट आहे, हे माझे विद्यार्थीही सांगतील. दर सुट्टीत माझं आणि नानांचं एकदा तरी वाजायचंच. मी म्हणायचे, "नाना, शब्बाथ सातवा दिवस, म्हणजे शनिवार. तुम्ही रविवार धरून बसलात. पाळायचा तर नीट पाळा, नाहीतर सोडा." ते म्हणायचे, "प्रभू उठला तो दिवस रविवार." मी म्हणायचे, "मग तो आनंदाचा दिवस झाला, त्यावर जुन्या नियमशास्त्राचं कुलूप कशाला? प्रभूनं स्वतः शब्बाथ दिवशी माणसं बरी केली की नाही?" त्यावर नाना हसून म्हणायचे, "तो प्रभू होता. मी शिफ्ट ऑपरेटर." गावच्या पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, अंतःकरण महत्त्वाचं. म्हणजे दोघांनाही खूश करून मोकळे.

त्या उन्हाळ्यापर्यंत हे सगळं थट्टेवारी चाललं होतं. गावात नळाचं पाणी आठवड्यातून एकदाच यायचं, पाऊण तास. आमच्या गल्लीचा वार होता गुरुवार. घरात बोअरचं पाणी होतं, पण ते इतकं खारट की भांड्यांवर पांढरे डाग पडायचे. ते वापरायला, प्यायला फक्त नळाचं. एप्रिलच्या शेवटी पाणी कमी पडलं तसे वार बदलले आणि आमच्या गल्लीच्या वाट्याला रविवार आला. वेळ सकाळी नऊची, म्हणजे बरोबर उपासनेची.

मी सुट्टी लागल्यावर शनिवारी पोचले. एसटीतून उतरले तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, असलं ऊन. आल्याआल्या दोन तांबे पाणी घटाघट प्यायले. आई दारात उभी राहून बघत होती. "हळू पी," एवढंच म्हणाली. स्वयंपाकघरातली स्टीलची टाकी अर्धी होती, जुन्या वाराचा शेवटचा गुरुवार जाऊन दोन दिवस झाले होते. मी म्हटलं, चला, उद्या भरेल. आईनं टाकीवर झाकण ठेवलं आणि बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी नवाला दहा मिनिटं असताना शेजारच्या अक्का कुंपणावरून ओरडल्या, "पानी उनं व!" गल्लीत सगळीकडे बादल्या खणखणायला लागल्या. मी पदर खोचून नळाकडे गेले तर नाना इस्त्रीच्या शर्टात, हातात पवित्र शास्त्र घेऊन तिथे उभे. त्यांनी वाकून नळ घट्ट बंद केला. म्हणाले, "माझ्या घरात नाही. चला, उशीर होतोय."

मी काय काय बोलले ते आता लिहायची लाज वाटते. अक्का बिचाऱ्या म्हणाल्या, "नाना, मी भरून ठेवते तुमचे दोन हंडे." नाना म्हणाले, "आमच्यासाठी तुम्ही भरलं म्हणजे आम्हीच भरलं." यावर अक्कांनी कपाळाला हात लावला. आम्ही निघालो. फाटकापाशी आई म्हणाली, "चष्मा राहिला," आणि परत घरात गेली. चांगली पाच मिनिटं लागली तिला. नाना घड्याळ बघत उन्हात उभे होते. उपासनेत मी रागानं एकही गीत म्हटलं नाही.

तो आठवडा कसा गेला ते नीट सांगायला हवं. ऊन रोज चढत होतं. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं, कूलरमधून गरम वाफ यायची. पाण्याच्या जारवाल्याकडे दोनदा जाऊन आले. त्याची बोअर आटली होती, त्याच्या दाराला कुलूप. नाना शांत होते. "माणसाला लागतं किती? सांभाळून वापरू," म्हणायचे. मी त्यांना रोज नवा मुद्दा काढून बोलायचे आणि ते रोज तेच उत्तर द्यायचे. आमचा आवाज चढला की आई उठून आत जायची.

टाकीतली पातळी खाली जात होती, पण माझ्या बिछान्याशेजारी तांब्या नेहमी भरलेला असायचा. सकाळी, दुपारी, झोपताना. मी तो प्यायचे. तो कुठून भरला जातो, असा प्रश्न मला पडला नाही. माहेरी आलेल्या बाईला पडत नाही. आईला मी एकदा विचारलं, "तू पाणी पितेस ना ग?" तर म्हणाली, "माले तीस नही लागस. म्हाताऱ्या माणसाला कुठे तहान लागते?" तिच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. मी तिला व्हॅसलीन दिलं. व्हॅसलीन! एवढी शिकलेली मी.

शुक्रवारी ती उठताना भिंत धरायला लागली. शनिवारी मात्र रविवारचा सगळा स्वयंपाक तिनं केला. मी मदतीला गेले तर हाकलून दिलं. तिचा हात माझ्या हाताला लागला, कोरडा आणि कढत होता. मी नानांना सांगितलं, आईला बरं नाही. नाना म्हणाले, उद्या विसावा आहेच. आणि मीही ते तेवढ्यावरच सोडलं.

रविवारी सकाळी आई साडी नेसता नेसता खाली बसली आणि तिला उठता येईना. बोलत होती ते असंबद्ध. मला तिच्या बहिणीच्या नावानं हाक मारली, जी कधीच गेली. नाना दारात नुसते उभे. मी ओरडले, "रिक्षा आणा!" आणि मग मुद्दाम, दात ओठ खाऊन म्हणाले, "का तेही काम आहे?" नाना पळाले. त्या वयात, चपलेशिवाय, त्या उन्हात पळाले.

जळगावच्या दवाखान्यात सलाईन लावताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसाला किती पाणी पीत होत्या?" मी नानांकडे बघितलं, नानांनी माझ्याकडे. बाई म्हणाल्या, शरीरात पाणीच राहिलं नाही, किडनीला मार बसलाय, दोन दिवस काही सांगता येत नाही. नाना बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि प्रार्थना करायला लागले. मला त्या प्रार्थनेचा इतका संताप आला की मी तिथून उठून गेले.

तिसऱ्या दिवशी आई भानावर आली. नाना खाली चहाला गेले होते. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. "तुना नानाले सांगू नको," म्हणाली. "मी त्या दिवशी एक हंडा भरला होता."

चष्म्याच्या निमित्तानं ती परत गेली होती तेव्हा. मागच्या नळाला हंडा लावून, भरून, धान्याच्या कोठीमागे ठेवला होता. मी म्हटलं, "मग आई, प्यायली का नाहीस ग ते?"

"रविवारचं पाणी शे ते. मी कशी पिऊ? तुझ्यासाठी भरलं. तू मानत नाहीस ना हे, म्हणून तुला चालेल म्हटलं." मग म्हणाली, "टाकीतलं नानांना पुरवायचं होतं. पण देवानं पाहिलंच. बघ, मला कसं धरलं."

माझ्या बिछान्याशेजारचा तांब्या! मी तो आठवडाभर रिकामा करत होते आणि नियमशास्त्र मोडीत निघालं की नाही यावर व्याख्यानं देत होते. मी तिथे रडले नाही. संडासात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

आणि मी नानांना सांगितलं. सगळं, शब्दाला शब्द. त्यांना लागावं म्हणूनच सांगितलं. ते ऐकून नाना भिंतीला टेकले. मग आत गेले, आईच्या खाटेवर बसले आणि म्हणाले, "त्यात पाप नाही. ऐकतेस ना? पाणी भरण्यात काही पाप नाही. माझं चुकलं."

आई त्यांच्याकडे दयेनं बघत राहिली. "मी आजारी आहे म्हणून म्हणताय," ती म्हणाली. "नऊ वर्षं तुम्ही काय सांगितलं, ते मला पाठ आहे."

नानांनी पुन्हा सांगितलं. पाळकसाहेबांना बोलावून त्यांच्याकडून सांगवलं. मी माझे सगळे मुद्दे तिच्यापुढे मांडले, या वेळी अगदी हळू आवाजात. ती सगळ्यांना हो हो म्हणाली. तिच्या मनात कुणाचंच शिरलं नाही.

दहा दिवसांनी घरी आणलं. किडनी अर्धीमुर्धी राहिली आहे, पाणी वेळेवर, मापानं द्यायचं, असं सांगून सोडलं होतं. त्यानंतरच्या रविवारी नाना उपासनेला गेले नाहीत. नऊ वाजता नळाशी बसले आणि हंडे, कळशा, टाकी, बादल्या, सगळं एकट्यानं भरलं. मला हात लावू दिला नाही. गल्लीत नळाचं पाणी ओढणाऱ्या मोटरींची घरघर चालू होती. त्यातच ते पेला भरून आईजवळ घेऊन आले. विजार गुडघ्यापर्यंत ओली, शर्टाच्या बाह्या ओल्या.

आईनं पेल्याकडे बघितलं. "कधीचं शे?"

"जुनं आहे," नाना म्हणाले. "गुरुवारचं."

माझ्या आयुष्यात मी नानांना खोटं बोलताना ऐकलं ते तेवढंच. आई त्यांच्या ओल्या बाह्यांकडे बघत राहिली, बाहेरच्या मोटरी ऐकत राहिली. ती भ्याली होती, हे मला अगदी स्वच्छ दिसत होतं. मग तिनं त्यांच्या हातातून पेला घेतला आणि थेंब न ठेवता पिऊन टाकला.

पेला परत देताना तिनं नानांचं मनगट धरलं आणि म्हणाली, "आते जे व्हई, ते आपन दोन्हीसले व्हई."