आई कुठे हसते?

टीव्हीवरचं घर कधीच कुणाचं नसतं. ‘लिमये घरी आहेत’ या मालिकेतलं घर तर प्लायवूडचं होतं, तुळशीवृंदावन थर्माकोलचं आणि खिडकीबाहेरचं आभाळ म्हणजे रंगवलेला पडदा. तरी लोकांनी ते घर आपलं मानलं. विसरभोळे लिमये, त्यांची फटकळ बायको, हवं तेवढंच ऐकू येणारे आजोबा. दर गुरुवारी जेवणं आटपून माणसं त्यांच्यासमोर जाऊन बसायची, आणि विनोद झाला की टीव्हीच्या आतूनही हसू यायचं. हे आत बसून हसणारे कोण, असं मात्र कधी कुणी विचारलं नाही.

ते होते लाइटवाले, सुतार, ड्रायव्हर आणि त्यांची बायकापोरं. खरे प्रेक्षक बोलावणं निर्मात्याला झेपत नव्हतं आणि बाहेरून आणलेलं तयार हसू दिग्दर्शकाला मराठी वाटत नव्हतं. मग रविवारी युनिटच्या घरच्यांना स्टुडिओत बोलवायचं, गाद्यांवर बसवायचं, तयार भाग दाखवायचा आणि डोक्यावर माइक टांगून त्यांचं हसू टेप करायचं, अशी रीत पडली. वर वडापाव आणि चहा. लिमयांच्या विनोदांना हसणाऱ्यांत एकही लिमये नव्हता. साळवे होते, पवार होते, शेख होते, आणि हातचं राखून कुणी हसत नव्हतं.

अंकुश साळवे तिथला लाइटमन. बीडकडचा, अंगानं काटकुळा आणि बोलण्यात त्याहून काटकसरी. स्टुडिओच्या छताला फळ्यांचा तराफा टांगलेला असतो, त्यावर बसून तो दिवे फिरवायचा. लग्न झाल्यावर एका रविवारी त्यानं बायकोला, क्रांतीला, आणलं. भाग संपला तसा रेकॉर्डिस्टनं कानावरचे हेडफोन काढून विचारलं, “ही कोण?”

क्रांतीचं हसू आधी दबकत यायचं, मग कुकरची शिट्टी सुटावी तसं वर जायचं, आणि ते ऐकून बाकीचे हसायला लागायचे. लेखकाचा पडलेला विनोद ती एकटी उचलून धरायची. लेखकानं तिला कधी नमस्कारही केला नसेल. रेकॉर्डिस्ट मात्र दर रविवारी आल्या आल्या विचारायचा, “साळवेबाई आल्या का?”

पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजानं क्रांती बीडला गेली तेव्हा गाद्या थंड पडल्या. मुलगी झाल्याचा फोन स्टुडिओत आला आणि अंकुश तराफ्यावरून उतरून थेट मिठाईवाल्याकडे गेला. मुलाचे पेढे आणि मुलीची बर्फी, असं सगळं जग वाटतं. या गड्यानं सेटभर पेढे वाटले. “अरे, मुलगी झाली ना?” असं ज्यानं विचारलं, त्याच्या हातावर त्यानं दुसरा पेढा ठेवला.

संघमित्रा दोन वर्षांची असताना क्रांती काविळीनं गेली. होत्याचं नव्हतं व्हायला आठवडासुद्धा लागला नाही.

आणि पुढच्या गुरुवारी ती टीव्हीवर हसली. रेकॉर्डिस्टनं तिच्या हसण्याचे चांगले तुकडे जपून ठेवले होते. पुढे रविवारच्या बैठका बंद पडल्या तरी तेच तुकडे तो भागाभागात पेरत राहिला. माणूस वाईट नव्हता, पण नवऱ्याला एका शब्दानं विचारावं हे काही त्याला सुचलं नाही. अंकुशनंही त्याला थांबवलं नाही. दर गुरुवारी तो पोरीला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर डोळे मिटून बसायचा. “आई कुठे हसते?” असं त्यानं विचारलं की पोर कान टवकारायची, आणि गर्दीतून क्रांतीचं हसू वर आलं की बरोबर टीव्हीच्या स्पीकरच्या जाळीवर बोट ठेवायची. चुकायची नाही कधी.

आणखी तीन-चार वर्षांनी मालिका संपली, मागोमाग ते चॅनलही बंद पडलं. टेप करून ठेवावं हे अंकुशच्या डोक्यातच आलं नव्हतं. जी गोष्ट दर गुरुवारी आपणहून घरी येते, ती कोण साठवून ठेवतो? क्रांतीचे फोटो होते दोन, दोन्ही लग्नातले, आणि दोन्हींत ती फोटोग्राफरच्या धाकानं गप्प उभी होती.

आता अंकुशचे गुडघे गेलेत आणि तराफा सुटला. जुईनगरच्या फ्लॅटमध्ये बाप-लेक राहतात. संघमित्रा वाशीच्या एका शाळेत शिकवते. आईचं नाव निघालं की ती म्हणायची, “मला काहीच आठवत नाही, पप्पा. फक्त ती जाळी आठवते.” आपण मरण्याआधी पोरीला एकदा तिची आई ऐकवायची, एवढीच त्याची उरलेली इच्छा होती. आणि ती पुरी होणार असं यंदा खरंच वाटलं, कारण एका ॲपवर ‘लिमये घरी आहेत’ पुन्हा आली, झाडूनपुसून, सगळेच्या सगळे भाग.

संघमित्रानं शाळेतून येताना जिलेबी आणली. लॅपटॉप टेबलावर ठेवून दोघं बसले. लिमयांनी चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर चष्मा शोधला. बायको म्हणाली, “आधी मला शोधून दाखवा, मग चष्मा.” आणि लिमये तोंड उघडं ठेवून थांबले, बायको कमरेवर हात ठेवून थांबली. हसू येऊन जाईपर्यंत थांबायची त्या नटांना सवय लावलेली होती.

हसू आलंच नाही. दोघं नुसतीच उभी होती, घरात कुणी मेल्यासारखी.

“आवाज वाढव गं,” अंकुश म्हणाला. तिनं वाढवला. पुढचा भाग लावला, त्याच्या पुढचा लावला. सगळीकडे तेच.

संघमित्रानं फोनाफोनी करून पत्ता काढला. मालिका स्वच्छ करायचं काम महाप्याच्या एका काचेच्या इमारतीत झालं होतं. तिथं आशुतोष नावाचा तरुण मुलगा भेटला. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मान खाली घालून खरं ते सांगितलं.

“काका, टेपवर डायलॉग एका ट्रॅकला होते आणि हसू दुसऱ्या. आम्हाला सांगितलं होतं, हसू घ्यायचं नाही. आजकालच्या पब्लिकला ते फेक वाटतं.”

“फेक म्हंजे?”

“म्हणजे... खोटं.”

“खोटं कसं? माझी बायको होती ती.”

आशुतोषनं पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

“मूळ टेपा कुठं हायत?”

“सगळ्यांना बुरशी लागली होती, काका. काम झाल्यावर भंगारात गेल्या. सॉरी.”

अंकुशनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चिडायचं तरी कुणावर? त्या पोरानं सांगितलेलं काम चोख केलं होतं. ज्यांनी सांगितलं, ते अंकुशसारख्या माणसाला भेटत नाहीत.

शेवटी आठवली मालतीबाई. मालिकेतल्या बायकांचे केस करायची, आणि हसण्यात क्रांतीच्या खालोखाल तिचाच नंबर. आता मुलाकडे खांदेश्वरला असते. एका भागात तिला पडद्यावर काम मिळालं होतं: दारात उभं राहून शेजाऱ्यांची वाटी परत करायची. तेवढ्या भांडवलावर तिनं निर्मात्याच्या मागे लागून त्या भागाची कॅसेट मिळवली होती आणि इतकी वर्षं साड्यांच्या घडीत सांभाळली होती.

“अरे, माझ्याकडे आहे ना! हसण्यासकट आहे!” ती फोनवर ओरडली. “पोराकडून पेनड्राइव्हवर घेते आणि रविवारी घेऊनच येते. मटण करा.”

रविवारी ती आली. दम्यानं थकली होती, दोन जिने चढून आवाज बसला होता. संघमित्रानं पेनड्राइव्ह लावला. चित्र फिकं, त्यात आडव्या रेघा, पण पहिल्याच विनोदाला लॅपटॉपमधून माणसं हसली. संघमित्रा ताठ बसली.

मग लिमयांची बेल वाजली. दारात मालतीबाई, तरुण, केसांत गजरा. “वाटी रिकामी कशी परत करायची? म्हणून हे,” म्हणत तिनं वरची ताटली काढली. आत पेढे होते. लिमयांनी वाकून बघितलं आणि विचारलं, “आपल्याकडे पास कोण झालं?”

खोली भरून हसू आलं, आणि सगळ्यांच्या वर एका बाईचं हसू चढत गेलं, चढत गेलं.

अंकुशची नजर वाटीवर होती. ते त्याचे पेढे होते. त्या दिवशी वाटीत घालायला काहीच नव्हतं म्हणून दिग्दर्शकानं त्याच्याच पुड्यातून चार उचलले होते, संघमित्रा झाली त्या दिवशी. पुढच्याच रविवारी या भागाचं हसू टेप झालं, आणि तेव्हा क्रांती बीडला बाळंतिणीच्या खोलीत होती. हे हसू क्रांतीचं नव्हतं. स्वतःला पहिल्यांदा पडद्यावर बघून मालतीबाईच पोट धरून हसली होती.

त्यानं वर बघितलं. मालतीबाईलाही कळलं होतं. ती सांगण्यासाठी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याला संघमित्राचं बोट दिसलं. ते लॅपटॉपच्या स्पीकरच्या जाळीवर होतं.

“पप्पा, हीच ना? हीच ना आई? मला आठवलं. खरंच आठवलं, पप्पा!” तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

“हा,” अंकुश म्हणाला. “हीच.”

मालतीबाईनं तोंड मिटलं. जेवताना संघमित्रा इतकी खुशीत होती की शाळेतल्या गमती एकामागून एक सांगत सुटली. एका पोरानं हजेरीला स्वतःऐवजी भावाला पाठवलं होतं, ते ऐकून मालतीबाईचे डोळे बारीक झाले, खांदे हलले, आणि तिनं घाईघाईनं पदराचा बोळा तोंडाला लावला. तिचा चेहरा लाल झाला.

“काय झालं, मावशी?”

“ठसका लागला गं,” मालतीबाई म्हणाली. अंकुशनं उठून तिला पाणी दिलं. त्यानंतर ती त्या घरी आली नाही. संघमित्रा आग्रह करते, ती दम्याचं कारण सांगते.

त्या हसण्याचा तुकडा संघमित्रानं मोबाइलमध्ये घेतलाय. सकाळी डबा भरताना लावते, शाळेतून आल्यावर लावते. पोर सुखात आहे, आणि ते सुख टिकावं म्हणून अंकुशनं स्वतःच्या तोंडाला कुलूप घातलंय.

परवा दुपारी तो बाहेरच्या खोलीत एकटाच होता. रविवारी तराफ्यावर बसल्यावर खालून क्रांतीचं हसू जसं वर यायचं, तसं आणायला त्यानं डोळे मिटले. आधी दबकत यायचं, हे आठवलं. कुकरची शिट्टी आठवली. पण प्रत्यक्षात जे हसू कानात आलं, ते मालतीबाईचं होतं. त्यानं पुन्हा डोळे मिटले. पुन्हा मालतीबाईच. तो तसाच बसून राहिला, पोर घरी येईपर्यंत.

“पप्पा, या ना आत,” संघमित्रानं हाक मारली. “आईचं लावलंय.”

गुडघ्यांवर हात टेकून तो उठला आणि तिच्याशेजारी जाऊन बसला.