बहिणीचा हिस्सा, तिच्याच खात्यात

धारगळला हमरस्त्यालगत आमचं काजूचं भाट, म्हणजे बागायत, होतं. ते विकलं तेव्हा सह्या तिघांच्या झाल्या: थोरला भाऊ, मी आणि डिचोलीला दिलेली धाकटी बहीण. गोव्यात मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. कागदपत्रं मी सांभाळत होतो, म्हणून घेणाऱ्याने सगळी रक्कम माझ्या खात्यात भरली. दादाचा हिस्सा मी लगेच पाठवला.

संध्याकाळी तो मांद्र्याला माझ्या घरी हजर.

"बायचा हिस्सापण माझ्याकडेच घाल. आपल्यात सगळं थोरल्याच्या हातून जातं. गणपतीच्या चवथीला मी तिला साडी घेतोच. वाडवडिलांच्या घराचं छप्पर कोण घालणार, तिचा घोव?"

"छपरासाठी तिच्याकडे माग. परस्पर घेऊ नकोस."

मी बँकेचं अ‍ॅप उघडलं. खाते क्रमांक दोनदा टाकला, आयएफएससी कोड तिच्या पासबुकाच्या फोटोशी एकेक अक्षर ताडून पाहिला. पडद्यावर खातेदाराचं नाव आलं. दादा माझ्या खांद्यावरून वाचत होता. तो मोठ्याने हसला.

"ह्या नावाची बाई आमच्या घरात जन्मालाच आली नाही! परकीला पैसे घालतोस?"

लग्नात आमच्याकडे मुलीचं आडनावच नव्हे, नावसुद्धा बदलतात. विक्रीखतात तिची दोन्ही नावं होती. खातं सासरच्या नावाचं. त्या नावाने आम्ही तिला कधी हाक मारली नव्हती.

"तिच्या लग्नात ताटातल्या तांदळावर हे नाव लिहिलं, तेव्हा पेढे तूच वाटलेस," मी म्हणालो.

"आणि भलत्या खात्यात गेले तर?"

ही भीती मात्र खरी. पैसे खाते क्रमांक बघून जातात. एक आकडा चुकला की परत मिळवताना जीव जातो. म्हणून मी आधी एक रुपया पाठवला.

"एक रुपयो? देवळाची फंडपेटी काय ती?"

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"भाई, तुझो रुपयो पावलो मरे! बाकीचे खंय?"

दादा पुढे झाला. "बाये, बाकीचे माझ्याकडे राहूंदेत. घराला लागतात."

ती म्हणाली, "सही घेताना मी परकी नव्हते, दादा. माझे माझ्याकडे येऊं देत. छपराचं मग बोलू."

नव्याने जोडलेल्या खात्यात आमची बँक पहिल्या दिवशी मोठी रक्कम जाऊ देत नाही. तेवढा वेळ दादाला पुरला. काकांचा फोन आला, चुलतभावांचे आले. शेवटी त्याचाच: "पैसे तिला घातलेस तर चवथीला ह्या घरात कुठल्या तोंडाने येशील?"

"ह्याच. आणि बायला घेऊन येईन. घर अजून विकलेलं नाही, त्यात आम्हा दोघांचाही वाटा आहे."

फोन ठेवला. बँकेची मुदत संपली होती; आरटीजीएस उघडलं. रक्कम आकड्यांत भरली, खाली अक्षरांत आलेली वाचली. 'पैसे कशासाठी' या रकान्यात अ‍ॅपने स्वतःहून 'भेट' असं सुचवलं होतं. ते खोडून मी 'हिस्सा' लिहिलं, ओटीपी टाकला आणि बटण दाबलं.