सहावा मजला व्हायच्या आत

आमच्या शाळेतल्या बहनजींना सिमेंटचा मनस्वी राग होता. शाळेसमोर सिमेंटची गाडी येऊन उभी राहिली की त्यांचं तोंड उतरायचं, आणि मुकादमानं "आज माल नहीं आया" असं सांगितलं की त्या दिवशी अख्ख्या वर्गाला गूळ-शेंगदाणे मिळायचे. जयपूरच्या सोडाल्यात जिकडेतिकडे जुनी घरं पाडून मजल्यावर मजले चढत होते. ज्याला त्याला आपली इमारत कधी एकदा पुरी होते असं झालेलं, आणि ही साठीला टेकलेली बाई मात्र काम बंद पडावं म्हणून गोविंददेवजींना साकडं घालत असे. मला आधी वाटलं, धुळीचा त्रास होत असेल. दम्यावरचं एक औषधसुद्धा सुचवलं मी त्यांना.

नवऱ्याची रेल्वेतली बदली भुसावळहून जयपूरला झाली. क्वार्टरच्या भिंतींकडे बघून कंटाळले, म्हणून मी जवळच्या एका मुलींच्या शाळेत तात्पुरती नोकरी धरली. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसायची आणि त्या खोलीच्या मालकीण म्हणजे बहनजी. मला त्यांच्या हाताखाली दिलं. पहिल्याच दिवशी माझं आडनाव ऐकून त्या एकदम मराठीत शिरल्या. "अरे वा! मी पण मराठी! माझी बाबा रेल्वेत होते, मतलब, माझा जन्म इथलाच." आई वारल्यापासून त्यांच्याशी मराठी बोलणारं कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे जेवढी शिल्लक होती तेवढी त्या रोज माझ्यावर खर्च करायच्या. नावाला 'जी' लावायच्या आणि पुढे खुशाल अरेतुरे करायच्या. मी चूक दुरुस्त करायला गेले की म्हणायच्या, "वैशालीजी, तू समजली ना? मग झालं."

त्यांचा दिवस वेण्यांनी सुरू व्हायचा. प्रार्थनेआधी मुली एकीमागे एक आगगाडीसारख्या बसायच्या आणि प्रत्येकीनं पुढचीची वेणी घालायची. सगळ्यांत मागे बहनजी, कंगवा घेऊन. पेड मोजत मोजत अंकांची उजळणी व्हायची. मग चिंचोक्यांची बेरीज, मग बजरीची थाळी. तिकडे बांधकामाच्या रेतीला बजरी म्हणतात. ती समोरच्याच ढिगातून यायची, हेही बहनजींचंच धोरण. सिमेंटशी वैर असलं तरी रेतीशी नव्हतं. थाळीत बजरी पसरायची, बोटानं अक्षर काढायचं, मोडायचं, पुन्हा काढायचं. "पेन्सिल चुकली की मुलगी घाबरते," त्या म्हणायच्या. "बजरीत चुकली तर फक्त हलवते."

शाळेत येणाऱ्या बऱ्याच मुली मजुरांच्या. काम संपलं की आईबाप उठायचे, आणि सोमवारी एक जागा रिकामी. ना निरोप, ना काही. हे वर्षानुवर्षं सोसून बहनजींनी शेवटी एक नियम केला होता. नेणार असाल तर न्या, पण एक दिवस आधी मला सांगा. आणि शेवटच्या दिवशी जाणारीनं बहनजींच्या खुर्चीत बसायचं आणि वर्गाला काहीतरी शिकवून जायचं. एकीनं दोन बोटं तोंडात घालून शीळ वाजवायला शिकवली होती. एकीनं चिखलाच्या भाकऱ्या. एकीनं शिव्या शिकवायला घेतल्या होत्या, तो धडा मात्र मध्येच आवरता घ्यावा लागला म्हणे. पुढे कोणी त्यातली शीळ घातली की बहनजी लगेच त्या गेलेल्या मुलीचं नाव घ्यायच्या, जणू ती पाणी प्यायला बाहेर गेली आहे.

कंचन आली तेव्हा समोरच्या इमारतीचा नुसता खड्डा होता. वय सात. आईबाप बांसवाड्याकडचे, साइटवरच पत्र्याच्या खोलीत राहणारे. रस्ता ओलांडला की शाळा, म्हणून आई तिला सोडून गेली. केस राठ, नाक वाहतंय, आणि चेहऱ्यावर कारभारणीचा भाव. बजरीची थाळी पुढे ठेवली तर आधी तिनं ती चाळली. खडे वेचून काढले. मग तळहातानं बाप थापी फिरवतो तशी सपाट केली. हे सगळं होईपर्यंत अक्षराची वेळ संपून गेली होती. मी वैतागले. बहनजी म्हणाल्या, "राहू दे. ज्याला हात लावते ते नीट करते ही." त्या दिवसापासून कंचन त्यांच्या मनात बसली.

मग मला सिमेंटचं कोडं उलगडलं. इमारत सहा मजल्यांची होती. सहावा मजला झाला की टोळी दुसऱ्या साइटवर जाणार, टोळीबरोबर कंचन. तेवढ्या अवधीत तिला वाचता यायला हवं होतं. बहनजींचं एक ठाम मत होतं, आणि ते त्या मला पुन्हा पुन्हा ऐकवायच्या. "आधं वाचणं येते ना, ते दोन महिन्यात उडून जाते, मतलब, जसं कधी शिकलीच नव्हती. पूरा आलं, की मग मरेपर्यंत कुठे जात नाही." अशा किती मुली अर्ध्या राहून गेल्या, हे त्या सांगत नसत. पण कंचन अर्धी राहायची नाही, असं त्यांनी स्वतःशी पक्कं केलं होतं.

झालं, शर्यत सुरू झाली. वर्गाच्या खिडकीतून ती इमारत समोरच दिसायची, आणि बहनजींनी तिलाही कामाला लावलं. पहिल्या मजल्यावर किती खिडक्या, दुसऱ्यावर किती, मिळून किती? मुली बोटं मोजायच्या. कंचन न मोजताच ओरडायची, "पीछे एक छोटी और है!" बेरजेत ती कुणाला हार जायची नाही. अक्षरांशी मात्र तिचं जमता जमेना. पहिल्या स्लॅबला तिला स्वतःचं नाव ओळखू यायला लागलं. दुसऱ्याला निम्मी अक्षरं. शाळा सुटल्यावर बहनजी तिला फाटकाशी घेऊन उभ्या राहायच्या आणि जाणाऱ्या बसचे फलक वाचून घ्यायच्या. आमेरची बस आली की कंचन पहिलं अक्षर ओळखून 'आ' म्हणायची, आणि पुढची अक्षरं येईपर्यंत बस निघून गेलेली असायची. "काही नाही, दुसरी येईल," बहनजी म्हणायच्या.

मी त्यांची चेष्टा करायचे. म्हणायचे, बहनजी, तुम्ही शिकवता आहात की इमारतीशी भांडता आहात? त्या हसायच्या, पण नजर समोरच्या सळयांवर. येताजाता मिस्त्रीला विचारायच्या, "कहाँ तक पहुँचा?" तो बिचारा अभिमानानं सांगायचा, "बस बहनजी, तीसरा भर दिया!" त्याला वाटायचं, बाईंना आपल्या कामाचं कौतुक आहे.

होळीला टोळी गावाला गेली ती महिन्यानं आली. कंचन आली ती अर्धी अक्षरं गावातच ठेवून. बहनजींनी पुन्हा 'क'पासून थाळी पुढे ओढली. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद, पण बहनजी भर उन्हात ओढणी डोक्यावरून घेऊन शाळेच्या ओसरीत हजर, कारण समोर चौथा मजला चढत होता. कंचन कधी यायची, कधी यायची नाही. धाकटा भाऊ रांगता होता आणि आई विटा वाहत होती, तेव्हा त्याला सांभाळणार कोण? कधी त्याला कडेवर घेऊन यायची आणि तिसऱ्या अक्षराला स्वतःच झोपून जायची. बहनजी तिला उठवत नसत. त्या नुसत्या बसून राहायच्या, एका हातानं पोराला धरून.

पाचवा स्लॅब झाला तेव्हा कंचन दोन अक्षरं जोडायला लागली होती. 'घर', 'चल', 'नल'. आणखी चार-सहा महिने मिळाले असते तर, असं माझं मत. पण चार-सहा महिने कोण देतो? बहनजींना कुठूनतरी कळलं की इमारत पुरी झाली की एका कुटुंबाला चौकीदार म्हणून ठेवतात. झालं, कडक इस्त्रीची साडी नेसून त्या मला घेऊन ठेकेदाराकडे गेल्या. त्यानं खुर्च्या दिल्या, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. "बहनजी, आपकी बात सर आँखों पर," तो म्हणाला, "पर मालिक ने अपने गाँव का आदमी रख लिया।" तो वाईट माणूस नव्हता. चहा मागवलाच होता, म्हणून आम्ही तो प्यायलो. निघताना बहनजींनी जिन्याच्या भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "पक्की बांधली आहे."

मग त्या कंचनच्या आईकडे गेल्या. माझ्या घरी ठेव तिला, मी एकटी आहे, जेवूखाऊ घालीन, शिकवीन. ती बाई डोक्यावरचं विटांचं घमेलं खाली न ठेवता ऐकत होती. म्हणाली, "छोटे को कौन रखेगा, बहनजी?" यावर बहनजींजवळ उत्तर तयार होतं. पण ती पुढे म्हणाली, "और मेरा जी कैसे लगेगा?" परत येताना मला भयंकर राग आला होता, आणि तो नेमका कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. ठेकेदारावर काढावा तर तो सभ्य, आईवर काढावा तर ती आई. बहनजी तर रागावलेल्याही नव्हत्या. त्यांनी वर्गात येऊन चिंचोके मोजायला घेतले.

सहावा मजला झाला. कंचनचा बाप शब्दाला जागला. एक दिवस आधी स्वतः येऊन सांगून गेला, "कल गाड़ी आएगी।" नवी साइट आग्रा रोडवर, बस्सीच्याही पुढे. मी खटपट करून चौकशी केली. जवळात जवळची शाळा हायवेच्या पलीकडे. सात वर्षांच्या मुलीनं हायवे ओलांडायचा, हे मी बहनजींना सांगितलं आणि उगाच सांगितलं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कंचन खुर्चीत बसली. पाय लोंबत होते. बहनजींनी तिच्या हातात पहिलीचं पुस्तक दिलं. त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. तिनं एक पान वाचून दाखवावं, तोच तिचा धडा. कंचननं पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली, अडखळत, पण वाचली. तिसऱ्या ओळीत काना-मात्रा आल्या आणि ती थांबली. बोट अक्षराखाली तसंच. पुढच्या रांगेतली एक मुलगी सांगायला निघाली, तर बहनजींनी तिला हातानं गप्प केलं. समोरच्या इमारतीत फरशी घासल्याचा आवाज येत होता. कंचननं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबली. मग तिनं पुस्तक मिटलं आणि विचारलं, "बहनजी, मैं दूसरा सिखाऊँ?"

"सिखाओ," बहनजी म्हणाल्या.

तिनं आपली ओढणी काढली, पीळ दिला, गोल गुंडाळली आणि चुंबळ करून डोक्यावर ठेवली. वर ते पुस्तक. आणि दोन्ही हात सोडून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी चालली की पुस्तक जरासुद्धा हललं नाही. मुली वेड्या झाल्या. क्षणात सगळ्यांच्या ओढण्या, रुमाल निघाले, पाट्या डोक्यावर चढल्या, आणि धडाधड खाली पडायला लागल्या. कंचन एकेकीची मान सरळ करत फिरत होती. मग ती बहनजींपुढे येऊन उभी राहिली. बहनजी खाली वाकल्या. तिनं त्यांच्या पांढऱ्या केसांवर चुंबळ नीट बसवली, वर पुस्तक ठेवलं. "नीचे मत देखो," ती म्हणाली. "सामने देखो, फिर नहीं गिरेगा।" बहनजी चालायला लागल्या. समोर खिडकी होती आणि खिडकीत ती सहा मजली इमारत, नव्या रंगाची. तिच्याकडे बघत त्या शेवटपर्यंत चालत गेल्या. पुस्तक पडलं नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र तिथे उभं राहवेना, मी पाण्याचा माठ भरायचं निमित्त करून बाहेर आले.

शाळा सुटल्यावर बहनजींनी ते पुस्तक तिलाच दिलं. "रोज बघायचं," एवढंच म्हणाल्या. कंचननं ते डोक्यावर ठेवलं आणि हात न लावता रस्ता ओलांडून गेली.

त्यानंतर बहनजींनी खुर्ची फिरवून घेतली. खिडकीकडे पाठ. खिडक्यांची बेरीज बंद झाली. त्या इमारतीत माणसं राहायला आली, सकाळी तिथल्या मुलींना न्यायला दुसऱ्या शाळांच्या पिवळ्या गाड्या येऊ लागल्या. मधल्या सुट्टीत आमच्या मुली डोक्यावर डबे ठेवून चालायच्या, आणि कोणाचा पडला नाही की बहनजी म्हणायच्या, "कंचन ने सिखाया है।"

दोन वर्षांनी आमची पुन्हा बदली झाली, भुसावळलाच. नियम मलाही होता. मी खुर्चीत बसले आणि मग उठून मुलींना फुगडी शिकवली. बहनजींबरोबरही घातली एक. दोन गिरक्यांत त्यांना धाप लागली, पण हात सोडायला तयार नव्हत्या.

अजून अधूनमधून फोन येतो. परवा आला तो शाळेतूनच, मागे मुलींचा गलका. म्हणाल्या, शाळेच्या बाजूचं जुनं घर पाडलं, मजूर आलेत, त्यांच्यात एक मुलगी आहे, सहा वर्षांची. "आज तिला बजरीत 'क' काढून दाखवला. हुशार आहे, मतलब, बघशील तू." आवाज अगदी ताजा. मला आनंद व्हायला हवा होता. पण तोंडून निघून गेलं ते भलतंच.

"किती मजल्यांची आहे हो?"

पलीकडे त्यांनी आधी कुणाला तरी थाळी हलवून पुन्हा 'क' काढायला सांगितलं.

"चार," त्या म्हणाल्या. "फक्त चार, वैशाली."